बाईसाहेबांना चालेल असं घर

बाईसाहेबांना जिना मानवत नाही.

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा बाईसाहेब शिलाई मशीनच्या झाकणावर पोट सोडून झोपल्या होत्या आणि जिन्याच्या वळणावर पडले होते ते मिस्त्री. कपाळाला खोक, चष्म्याची एक काडी तुटलेली, पिशवीतले बटाटे पार तळमजल्यापर्यंत घरंगळत गेलेले. खाली राहणारी नर्स त्यांना धरून वर घेऊन आली. दार उघडताच मिस्त्री म्हणाले, "तुझी मांजर. पायात आली."

त्यांच्या बायकोने वळून मशीनकडे पाहिलं. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"हो का," ती म्हणाली. "जिना मानवत नाही हो त्यांना. वय झालं."

"मग वय झाल्यासारखं वागावं माणसानं."

नर्सने नवरा-बायकोकडे पाहिलं, मशीनवरच्या मांजराकडे पाहिलं आणि जखम पुसायला घेतली.

·

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहिले. आता काचबिंदू. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलीय तीही कडेकडेने आत आत मिटत जाणार. पुन्हा जिन्यात पडले तर उठतील याची खात्री देता येत नाही. ती डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा मिस्त्री लेकीला सांगत होते, "काही नाही गं, नंबर वाढलाय."

त्या दिवसापासून घरात 'डोळे' हा शब्द कोणी काढला नाही.

मग बोलायचं कसं? मांजराच्या तोंडून. ती रीत जुनीच होती. फार वर्षांपूर्वी दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. कशावरून, ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. अबोला लांबला. त्याच सुमारास एक मांजरीचं पिल्लू जिन्यातून थेट घरात आलं आणि मालकी हक्काने पलंगावर बसलं. मिस्त्री पिल्लाला म्हणाले, "विचार त्यांना, चहा मिळेल का." ती पिल्लाला म्हणाली, "सांग त्यांना, दूध बाईसाहेब प्यायल्या." अबोला संपला. रीत राहिली. भाजी खारट झाली तर बाईसाहेबांना खारट लागायची, आणि पाहुणे बसून राहिले की बाईसाहेबांना झोप यायची.

·

बाईसाहेबांना खुर्ची जागची हललेली आवडत नाही.
म्हणजे काल ते खुर्चीवर आपटले.

बाईसाहेबांना दाराची अर्धवट उघडी फळी सोसत नाही. एक तर लावा, नाही तर पूर्ण उघडा.
म्हणजे परवा.

बाईसाहेबांना वाटतं, पायरीच्या कडेला पांढरा रंग द्यावा.
"मांजराला अंधारात दिसतं," लेक म्हणाली. तिला हे अजून नीट जमत नव्हतं. आईने तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून रंग आणायला गेली.

बाईसाहेब म्हणतात, या घरात उजेड कमी पडतो.
हे मिस्त्रींनी सांगितलं. तिने मोठा दिवा आणून लावला. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "हं. आता ठीक आहे त्यांना." त्यांचा चेहरा दिव्यापासून बराच बाजूला होता.

बाईसाहेब म्हणतात, आपण घर बदलावं.

यावर मिस्त्री नखाने चहाच्या कपाची कड खरवडत राहिले.

"कसलं हवंय त्यांना?"

"तळमजला. सगळं एका पातळीत, उंबरा नको. भरपूर उजेड."

"नखरे बघ." मग, "बघा बाबा. त्यांच्यासाठी बघा. माझं काही अडलेलं नाही."

म्हणजे हो.

·

एजंटला फोन केला लेकीने. "मांजराला सोयीचं घर हवंय," ती म्हणाली, आणि त्यापुढे एक शब्द नाही. एजंट नवा होता, उत्साही होता. त्याला ती रीत कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, मांजराला सोयीचं घर हवंय.

·

घर पहिलं.

"आठवा मजला, काकू. हवा बघा हवा."

"तळमजला म्हटलं होतं ना?"

"मांजर आतच राहणार ना पण? मग तिला कुठलाही मजला तळमजलाच. आणि लिफ्ट आहे."

मिस्त्री लिफ्टसमोर उभे राहिले. दाराला कान लावला. "दोर एका अंगाने खातोय, झिजत चाललाय."

"काका, नवी आहे. या वर्षीचीच."

"नवा दोर खात नाही असं कुणी सांगितलं?"

आत गेल्यावर त्यांनी बटणांच्या पट्टीवरून सवयीने तळहात फिरवला, जसा कुणी घोड्याच्या मानेवरून फिरवावा. पण पट्टी गुळगुळीत काचेची होती. बोटाला लागेल असं तिच्यावर काहीच नव्हतं. त्यांनी बोट टेकवलं. लिफ्ट खाली गेली. दार उघडलं तेव्हा समोर गाड्या उभ्या करायचं तळघर होतं, काळोख आणि ओल्या सिमेंटचा वास.

एजंट तोंड उघडणार होता, लेकीने त्याचा पाय दाबला.

"बघितलंत?" मिस्त्री म्हणाले. "वर म्हटलं तर खाली नेते. बाईसाहेब असल्या डब्यात पाय ठेवणार नाहीत."

·

घर दुसरं.

इथे एजंटने खरोखर मेहनत घेतली होती. आधीच्या भाडेकरूकडे पाच-सहा मांजरं होती. भिंतींना माणसाच्या कपाळाच्या उंचीवर फळ्या ठोकलेल्या, एकीवरून दुसरीवर उडी मारत जायला. मधल्या खोलीत दोन पायऱ्या उगाचच वर, मग दोन उगाचच खाली. पोटमाळा. दोऱ्या. काळीभोर फरशी, केस पडले तरी दिसू नयेत म्हणून.

"मांजरांचा स्वर्ग आहे काकू, स्वर्ग! मी स्वतः मांजर असतो तर इथेच राहिलो असतो."

"तुम्ही आहातच की," लेक पुटपुटली.

तिला त्या खोलीत फक्त कोपरे दिसत होते. फळ्यांचे, पायऱ्यांचे, सगळे कोपरे मिस्त्रींच्या दिशेने वळलेले. ती "अहो, थांबा" म्हणेपर्यंत ते दोन पावलं पुढे गेले होते. कपाळ फळीवर आपटल्याचा आवाज रिकाम्या घरात मोठा झाला.

त्यांनी हात कपाळाकडे नेला नाही. हात वर उचलून फळी चाचपली, जणू त्यासाठीच पुढे आले होते.

"मजबूत आहे," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाईसाहेबांना आवडेल."

आता झाली पंचाईत. जे घर त्यांना महिन्याच्या आत मारणार होतं त्याला ते हो म्हणत होते, कारण नाही म्हणायचं तर फळी दिसली नाही असं म्हणावं लागलं असतं. बाईसाहेबांच्या नावाने एवढी वर्षं भांडलेल्या बाईने मग बाईसाहेबांचीच बाजू सोडली.

"त्यांचं वजन वाढलंय," ती म्हणाली. "उड्या कुठल्या मारतायत आता. एवढ्या फळ्या बघून नुसतं मन दुखेल त्यांचं."

"तेही खरं," मिस्त्री म्हणाले, आणि दारापर्यंत भिंत धरून आले.

·

घर तिसरं. मिस्त्री आले नव्हते. "तुम्हीच बघा, मला रोज उठून मांजरासाठी वणवण करायला सांगू नका."

तळमजला. रस्त्यापासून दारापर्यंत सपाट. आत उंबरा नाही. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायला दांडे, मालकीणबाईंच्या आजारी आईसाठी बसवलेले. ओट्याची कड पांढरी, फरशी फिकी, दिव्यांची बटणं मोठी आणि सगळ्या खोल्यांमध्ये एकाच उंचीवर.

तिने दारात उभं राहून डोळे मिटले आणि चालायला लागली. दार, बाहेरची खोली, उजवीकडे स्वयंपाकघर, परत, डावीकडे झोपायची खोली, तिथून न्हाणीघर. कुठे लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा ती दांडा धरून उभी होती आणि एजंट तिच्याकडे बघत होता.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय. हेच घ्यायचं."

एजंटने मान खाजवली. "त्याचं असं आहे... खरं तर दाखवायलाच नको होतं. पण तुमच्या सगळ्या अटी एकाच घरात जुळल्या, मला राहवलं नाही. फक्त मालकीणबाईंना प्राणी चालत नाहीत. मांजर नाही, कुत्रा नाही. पोपटसुद्धा नाही."

लेक हसायला लागली. मोठ्याने. मग थांबली.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "मांजर मी नेते माझ्याकडे. त्यात काय एवढं."

"आणि त्यांना काय सांगू? मांजर तिकडे, तर घर कोणासाठी बदलतोय?"

"खरं सांग. बाबा, तुम्हाला दिसत नाही. संपलं. जीभ काही झडत नाही."

"मग तूच सांग."

"सांगते."

त्या दोघी वर आल्या तेव्हा मिस्त्री खिडकीशी बसले होते. लेकीची पावलं ऐकून त्यांनी मान वळवली. तिच्या जुन्या चपलेचा पट्टा सकाळी तुटला होता आणि तिने त्यात पिन अडकवली होती, म्हणून प्रत्येक पावलाला टकटक होत होती.

"नवीन चप्पल?" ते म्हणाले.

लेक त्यांच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं. आईकडे पाहिलं.

"हो बाबा."

"दिसतेच आहे. छान आहे."

लेक चहा न घेता गेली.

·

जे झालं.

संध्याकाळ. दिवे लावायचे राहिले होते, कारण ती एका पडद्याची कड शिवत होती आणि मशीनचा छोटा दिवा तिला पुरत होता. मिस्त्रींनी कचऱ्याची पिशवी उचलली. बाईसाहेबांना संध्याकाळी बाहेर नको वाटतं, हे ती म्हणणार होती. पण टीप शेवटाला आली होती, वाकडी गेली असती, म्हणून म्हणाली नाही.

बाईसाहेब दाराबाहेर पायपुसण्यावर झोपल्या होत्या. राखाडी पायपुसणं, राखाडी मांजर.

मिस्त्री पायात जाड तळाचे बूट घालत, कामावरचे, अजून. उजवा पाय उंबऱ्यापलीकडे पडला, पूर्ण वजनाने. ते डगमगले, कठडा हाताला लागला म्हणून वाचले, आणि सावरायला त्यांनी तोच पाय जोराने पुन्हा दाबला. म्हातारपणी बाईसाहेबांचा आवाज गेलाच होता. काही ऐकू आलं नाही. मशीन चालू होतं.

·

जे सांगितलं.

"काय आहे गं इथे? मऊ लागलं."

ती दारात आली. बघितलं.

"पायपुसणं गोळा झालंय," ती म्हणाली. "आत या तुम्ही. पिशवी मी टाकते."

"कितीदा सांगितलं, सरळ टाकत जा."

"चुकलं."

तिने त्यांना हाताला धरून आत घेतलं, खुर्चीपर्यंत. मग पडद्याच्या उरलेल्या कापडात बाईसाहेबांना गुंडाळलं. पायपुसणंही. वर चार टाके घातले. इमारतीच्या मागे माती होती, पण तिच्याकडे खणायला काही नव्हतं. खालच्या नर्सचं दार वाजवलं. नर्सने कापडाकडे पाहिलं आणि आतून मोठा झारा आणला, त्याहून मोठं काही तिच्याकडे नव्हतं. दोघींनी मिळून खणलं. नर्सने एवढंच म्हटलं, "काका कसे आहेत?"

"पडले नाहीत," ती म्हणाली.

वर आल्यावर तिने कात्री पुसली, सुई पुसली, हात धुतले. मिस्त्री म्हणाले, "बाईसाहेब जेवायला नाही आल्या?"

"गेल्या असतील कुठे."

·

ते शोधायला लागले. दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभे राहत आणि खाली बघून हाक मारत. "बाईसाहेब! या. रुसवा पुरे झाला." कुणी शेजारी वर येत असेल तर विचारत, "आमची मांजर दिसली का हो?" एकदा पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्या मोजत अर्ध्यापर्यंत गेले. ती मागून गेली, तर तिच्यावर ओरडले. तिच्यावरच ओरडले, सरळ, मध्ये कुणाला न घेता. दोघंही त्याने दचकले.

आता बोलायला मध्ये कोणी नव्हतं. कितीतरी गोष्टी सांगायच्या राहू लागल्या. खुर्ची. अर्धी फळी. गरम भांडं. ती "बाई..." म्हणून सुरू करी आणि थांबे.

एजंटचा फोन आला. मालकीणबाईंना दुसरं गिऱ्हाईक आलंय, आज संध्याकाळपर्यंत सांगा. लेकही आली, आईने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"वाईट झालं," लेक स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "पण आता सुटलं ना? मांजर नाही. मालकीणबाईंची अट गेली."

"जा, सांग त्यांना."

लेक बाहेर गेली. "बाबा, ते घर मिळतंय. तळमजल्याचं."

"कशाला?"

"राहायला."

"बाईसाहेबांसाठी बघत होतो. त्या गेल्या. आता कोणाला जिना मानवत नाही?"

त्यांनी चेहरा लेकीच्या दिशेने धरला होता. जवळजवळ तिच्या दिशेने. वाट बघत होते. लेक दाराशी काढलेल्या चपलेकडे बघायला लागली. खाली जिन्यात कुणीतरी धपधप करत चढत होतं आणि वळणावर, जिथे मिस्त्री पडले होते, तिथे त्या माणसाचाही पाय अडखळल्याचं ऐकू आलं.

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती. एक वाक्य होतं तिच्याकडे. ते म्हटलं असतं तर हा माणूस उद्या निघाला असता, कुठेही, सांगाल तिथे. तुम्ही तिच्यावर पाय दिलात. पण मग जो निघाला असता तो मिस्त्री नसता. तिला तो नको होता.

ती बाहेर आली.

·

जे नंतर सांगितलं.

"मला," ती म्हणाली. "मला मानवत नाही."

"तुला काय झालंय?"

"दिसत नाही मला. बरेच दिवस. कडेचं काही दिसत नाही, संध्याकाळचं तर काहीच नाही. सांगायची लाज वाटली." एवढं तिला पाठच होतं, रोज समोर बघत होती. "बाईसाहेब कुठे गेल्या नाहीत. पायपुसण्यावर झोपल्या होत्या. माझ्या पायाखाली आल्या."

लेकीने मान वर केली.

मिस्त्री हलले नाहीत. "तुझ्या पायाखाली."

"हो."

"कधी?"

"त्या संध्याकाळी. तुम्ही कचरा टाकायला निघालात, त्याच्या आधी. मी दार उघडून बघितलं, उजेड आहे का म्हणून. तेव्हा."

"कुठला पाय?"

ती घुटमळली. "उजवा."

मिस्त्रींनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला. बोटांची नखं पांढरी झाली. मग त्यांनी हात उचलला आणि घसा खाकरला. ते बोलले तेव्हा आवाज कामावरचा होता, बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलायचा.

"घाबरायचं नाही. आधी का नाही सांगितलंस? एवढी वर्षं झाली लग्नाला. सांग त्या एजंटला, घर घेतलं म्हणून."

लेकीने फोन लावला.

·

जिना उतरायच्या दिवशी ते म्हणाले, "हात दे."

तिने दिला.

"मी पुढे. तू अर्धं पाऊल मागे. पायरी आली की सांगतो."

तिने आपलं कोपर त्यांच्या बरगडीशी घट्ट लावलं. ते "पायरी" म्हणत त्याच्या आधी ती कोपर हलकेच दाबे, आणि ते थांबत, आणि मग म्हणत, "पायरी." वळणावर ते चुकीच्या बाजूला निघाले. तिने "आई गं" म्हणून मुद्दाम धडपडल्यासारखं केलं आणि सगळं वजन कठड्याच्या दिशेने टाकलं.

"सांभाळ!" ते ओरडले. "नीट बघून, म्हणजे, नीट धरून. मी आहे ना."

"आहात म्हणून तर."

खाली पोचेपर्यंत तिला घाम फुटला होता. त्यांना नाही. ते कितीतरी दिवसांनी ताठ चालत होते.

·

शिलाई मशीन नव्या घरात आलं नाही.

"सुई बोटात जायची," मिस्त्री म्हणाले.

"हाताला सवय आहे. नुसत्या सरळ टिपा मारीन."

"दोरा कोण ओवणार?"

दोरा तिला एका दमात ओवता येत होता. पडद्याची कडही अजून तशीच राहिली होती, शेवटची वीतभर. ती पूर्ण करू का असंही तिला विचारता येईना.

मशीन नर्सने नेलं. दोन माणसं लावून खाली उतरवलं, तेव्हा मिस्त्री बाजूला उभे राहून सूचना देत होते. "तिरकं करा. चाक सांभाळा." नर्स तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमचे डोळे कधी तपासले?"

"काचबिंदू आहे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"घरात आहे."

नर्सने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर नर्सच्या कानाशेजारी, भिंतीवर ठेवली. आता तेही जमायला लागलं होतं.

·

घर चांगलं आहे. ऊन येतं. कुठे आपटायला होत नाही. मिस्त्री पडत नाहीत.

चहा आता तेच करतात. गॅसजवळ तिला येऊ देत नाहीत. ती खुर्चीत बसते, तोंड खिडकीकडे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्या बाहीकडे बघते. ज्योत कुठे, बाही कुठे. बघतेय हे दिसू न देता बघायचं, दिवसभर. कधी बाही फार जवळ जाते तेव्हा हातातलं काहीतरी खाली टाकते. मग ते लगबगीने वळतात. "काय पाडलंस? बस, बस, मी उचलतो." ते जमिनीवर चाचपडत असतात तोवर ती उठून हात लांब करून गॅस बारीक करते.

लेक आली की मिस्त्री तिला बाजूला घेऊन सांगतात. बाजूला म्हणजे त्याच खोलीत, थोडं खालच्या आवाजात. "तुझ्या आईला समोर बोलायचं नाही हं. मनाला लावून घेते. डोळे हा शब्दच काढायचा नाही."

"बरं बाबा."

"घरातली कुठलीही वस्तू हलवायची नाही. आणि एकटीला बाहेर सोडायचं नाही."

"बरं."

लेक आईकडे बघते. आई खिडकीकडे. लेक आता क्वचितच येते.

संध्याकाळी मिस्त्री तिला पेपर वाचून दाखवतात. ही त्यांची कल्पना. तिला वाचायची आवड, तिचं अडायला नको. ते पेपर उघडतात, चष्मा पुसतात, पान चेहऱ्याजवळ नेतात. कधी पेपर आजचा असतो, कधी सामान बांधून आणलेल्या गठ्ठ्यातला. ती सांगत नाही.

"पूल पडला," मिस्त्री वाचतात.

तिच्यासमोर त्या पानाची मागची बाजू असते. एका दुकानाची जाहिरात, गाद्यांची. ती ठळक अक्षरांत असल्यामुळे इथूनही वाचता येते.

"कुठे हो?"

"नदीवरचा. जुना होता म्हणे. कुणी बघितलं नाही त्याच्याकडे."

"माणसं?"

ते पान आणखी जवळ नेतात, इतकं की नाक कागदाला लागतं.

"तेवढं लागत नाहीये. फार बारीक छापतात हल्ली." ते पान खाली करतात आणि तिच्या खुर्चीच्या दिशेने हात लांब करतात. हात हवेतच राहतो. ती आपला हात हळूच त्याच्या वाटेत नेऊन ठेवते, आणि त्यांना तो सापडतो. ते थोपटतात. "तुला तर मुळीच नसतं दिसलं."

"नाही," ती म्हणते. "मला नसतं दिसलं."

"मग?"

"मग पुढचं वाचा."